गोदी राखायची तर आधी पाणी राखा : लिव्हरपूलच्या अल्बर्ट डॉकचं प्रकरण

1972 साली लिव्हरपूलच्या दक्षिणेकडच्या गोद्या बंद झाल्या आणि नदीकडचे दरवाजे उघडे राहिले. कुणी काही पाडलं नाही, पेटवलं नाही. मर्सी नदीची भरती दिवसातून दोनदा आत यायची, गाळ टाकायची आणि निघून जायची. इथे उधाणाला भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या घरात जातो, त्यामुळे प्रत्येक भरतीबरोबर येणारा गाळही थोडाथोडका नसतो. शहराचं सांडपाणी तेव्हा प्रक्रियेविना सरळ नदीत सोडलं जायचं. नऊ-दहा वर्षांत, जिथे चहा, रेशीम, कापूस, तंबाखू उतरायची तिथे कित्येक मीटर जाडीचा काळा, घाण वासाचा चिखल बसला. काठावर 1952 पासून सर्वोच्च दर्जाचं वारसा-संरक्षण असलेली अल्बर्ट डॉकची गोदामं उभी होती. कागदावर ती सुरक्षित होती आणि त्यांच्या पायाशी उकिरडा होता.

जुन्या गोद्या लोकांसाठी खुल्या करायच्या म्हटलं की आपल्याकडे चर्चा लगेच इमारतींवर जाते. इथे हॉटेल, तिथे संग्रहालय, मधे फिरायला फरसबंदी. अल्बर्ट डॉकचं प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं, कारण तिथे कामाचा क्रम वेगळा होता. आधी पाणी, मग बाकी सगळं. पाण्याचं काम एकदा करून संपत नाही, हेही तिथे फार लवकर कळलं.

हार्टलीची गोदी

मर्सीच्या उघड्या धक्क्यावर जहाज बांधणं म्हणजे दिवसातून दोनदा ते दहा मीटर वर-खाली होऊ देणं. म्हणून लिव्हरपूलने गोद्यांना दरवाजे लावले. भरतीला दरवाजा उघडायचा, जहाज आत घ्यायचं, दरवाजा लावायचा. आत पाणी कोंडलेलं आणि त्याची पातळी स्थिर. मुंबईतही उधाणाला फरक पाच मीटरच्या आसपास जातो. सन 1880 चा प्रिन्सेस डॉक आणि 1888 चा व्हिक्टोरिया डॉक याच विचारातून आले.

अल्बर्ट डॉकचा अभियंता जेसी हार्टली. 1824 पासून 1860 मध्ये मरेपर्यंत त्याने लिव्हरपूलच्या गोद्याच बांधल्या. 30 जुलै 1846 रोजी राणी व्हिक्टोरियाचा नवरा प्रिन्स अल्बर्ट याच्या हस्ते ही गोदी उघडली. ओतीव लोखंड, वीट आणि दगड यांची ती गोदामं. आगीला खाद्य मिळू नये म्हणून सांगाड्यात लाकूड वापरलेलं नव्हतं. जहाज थेट गोदामाला लागायचं आणि माल चोरांच्या नजरेला न पडता आत जायचा. भोवती उंच भिंत, भिंतीत दरवाजे, दरवाज्यावर पहारा. हार्टलीच्या ग्रॅनाइटच्या भिंती आजही पाहाव्यात अशा आहेत. वेड्यावाकड्या आकाराचे प्रचंड दगड एकमेकांत असे बसवलेत की सांध्यात नख शिरू नये.

त्या भिंतीचा दुसरा अर्थही ध्यानात ठेवला पाहिजे. शंभर-सव्वाशे वर्षं सामान्य लिव्हरपूलकराने आपल्या शहराचं पाणी जवळून पाहिलंच नाही. 1893 ते 1956 या काळात गोद्यांच्या कडेने उंचावरून विजेची रेल्वे धावायची, तिच्या खिडकीतून जे दिसेल तेवढंच. आमच्या घरची गोष्टही फार वेगळी नव्हती. वडील, म्हणजे आमचे अण्णा, मुंबईच्या गोदीत कामाला होते. यलो गेटच्या बाहेर मी कितीदा तरी त्यांची वाट पाहत उभा राहिलो. आतलं पाणी मात्र मी लहानपणी एकदाही पाहिलं नाही. गोदी म्हणजे भिंत आणि भिंतीपलीकडून येणारा भोंगा, एवढीच माझी कल्पना होती.

अल्बर्ट डॉकला उतरती कळा लवकर लागली. शिडाच्या जहाजांसाठी बांधलेलं तोंड आगबोटींना अरुंद पडू लागलं आणि 1920 नंतर व्यापारी जहाजं इथे जवळपास येईनाशी झाली. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडले, नंतर गोदी बुजवून मोठ्या इमारती उठवण्याच्या योजना निघाल्या आणि बारगळल्या. मग 1972.

चिखलात ओतलेले पैसे

मार्च 1981 मध्ये मर्सीसाइड डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन हे या भागाच्या पुनर्विकासासाठीचं सरकारी महामंडळ स्थापन झालं. मंत्री होते मायकेल हेसल्टाइन. जुलैमध्ये शेजारच्याच टॉक्स्टेथ भागात मोठी दंगल उसळली आणि त्यानंतर सरकारचं लक्ष या शहरावर जास्तच खिळलं. महामंडळ दंगलीमुळे आलं असं बऱ्याचदा सांगितलं जातं, पण ते दंगलीच्या आधीचं आहे.

महामंडळाने पहिला मोठा खर्च केला तो गाळावर आणि दरवाज्यांवर. माझ्या मते सगळ्या प्रकरणातला सर्वात धाडसी निर्णय हाच. गाळ उपसल्याचा फोटो चांगला येत नाही. त्याचं उद्घाटन होत नाही, त्याला भाडं येत नाही. सार्वजनिक पैसा अशा कामात घालायचा आणि खासगी पैसा नंतर येईल असं धरून चालायचं, याला पाठीचा कणा लागतो. गाळ निघाला, नवे दरवाजे बसले, पाणी पुन्हा कोंडलं गेलं. गोदामांसाठी विकासकाशी करार झाला तो 1983 मध्ये. ऑगस्ट 1984 मध्ये शिडाच्या उंच जहाजांची शर्यत लिव्हरपूलला आली. तोवर गोदामांपैकी एकच भाग तयार होता. पण गोदीत पाणी होतं, पाण्यावर जहाजं होती आणि ती पाहायला लाखो माणसं काठावर लोटली. संग्रहालयं, दुकानं मागून आली. 24 मे 1988 रोजी टेट लिव्हरपूल हे कलादालन इथेच उघडलं.

त्याच वर्षी ब्रिटिश दूरचित्रवाणीवरचा सकाळचा एक रोजचा कार्यक्रम अल्बर्ट डॉकमधून सुरू झाला. गोदीच्या पाण्यावर ब्रिटनचा मोठा तरंगता नकाशा सोडलेला असायचा आणि हवामान सांगणारा गृहस्थ त्यावर चालत, उड्या मारत आज पाऊस कुठे ते सांगायचा. सात वर्षांपूर्वी ज्या जागी चिखल होता, तिथलं पाणी आता सकाळी सकाळी देशभरच्या घरांत दिसत होतं.

सगळ्याच गोद्या वाचल्या असं मात्र नाही. आणखी दक्षिणेच्या हर्क्युलेनियम, हॅरिंग्टन, टॉक्स्टेथ या गोद्या बुजवल्या गेल्या. महामंडळाने निवड केली. त्यातली प्रत्येक निवड बरोबर होती असं मी म्हणणार नाही.

हिरवं पाणी आणि शिनाणे

खरी परीक्षा पाणी भरल्यानंतर सुरू झाली, आणि हा भाग आपल्याकडच्या नियोजनकारांनी बारकाईने पाहावा असा आहे.

गोदी म्हणजे तळं नव्हे. तळ्याला उथळ कड असते, वाऱ्याला जागा असते, काठाला वनस्पती असतात. गोदी विहिरीसारखी: उभ्या भिंती, खोल तळ, प्रवाह नाही, आणि भोवतीच्या उंच गोदामांमुळे वाराही अडतो. त्यात मर्सीचं पाणी भरलेलं, म्हणजे सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद आयतंच. वसंतात ऊन वाढलं की सूक्ष्म शेवाळ बेसुमार वाढायचं आणि पाणी हिरवं किंवा तपकिरी, घट्ट दिसायचं. वरचा थर उबदार आणि हलका, खालचा थंड आणि जड. दोन्ही मिसळत नाहीत. शेवाळ मरून तळाशी जातं, कुजतं, कुजताना तिथला प्राणवायू संपवतं. मग मासे मरतात आणि कुजक्या अंड्यासारखा वास येतो. वर नव्या उपाहारगृहाच्या टेबलावर चहा घेत बसलेल्या माणसाला त्यामागचं रसायनशास्त्र ठाऊक नसतं. तो उठून जातो आणि पुन्हा येत नाही.

उपाय दोन सापडले. पहिला यांत्रिक: तळाशी हवा सोडून पाणी घुसळायचं, म्हणजे थर मोडतात आणि तळाला प्राणवायू पोचतो. दुसरा उपाय जिवंत होता. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला उत्तरेकडच्या सँडन डॉकमध्ये संशोधकांनी दोरांवर शिनाणे, म्हणजे जोडशिंपल्यात राहणारे, खडकाला चिकटणारे प्राणी, वाढवून पाहिले होते. आपल्या रत्नागिरी-मालवणकडे खडकांवर हिरव्या कडेचे शिनाणे मिळतात, त्यांचाच थंड पाण्यातला काळा-निळा भाऊबंद. हा प्राणी पाणी आत ओढतो, त्यातलं शेवाळ गाळून खातो आणि स्वच्छ पाणी बाहेर टाकतो. एकेक शिनाणा तासाला लिटरच्या हिशेबात पाणी गाळतो. 1988 च्या सुमारास अल्बर्ट डॉकमध्ये शिनाण्यांची पिल्लं कुणी न सोडता आपसूक येऊन भिंतींना चिकटली. भिंती काळ्याभोर झाल्या आणि पाणी निवळलं. गोदीतलं सगळं पाणी काही दिवसांत एकदा गाळून निघेल, इतकी त्यांची संख्या झाली.

आम्ही तिथे गेलो तेव्हा अल्बर्टला लागूनच असलेल्या सॉल्टहाउस डॉकच्या काठाशी मी भिंतीचे दगड पाहत होतो आणि बायको वाकून पाण्यात. ती रत्नागिरीची. एकदम म्हणाली, "अहो, हे शिनाणेच की! केवढे लगडलेत बघा." खरंच, पाण्याच्या रेषेखाली लोंबणाऱ्या साखळीची कडी दिसतच नव्हती, नुसते शिंपले. त्यांची तोंडं किंचित उघडी, कडेला पिवळसर झालर, मधे समुद्री शेवाळाचे तुरे. त्यांच्या पुढून एक पांढुरकी जेलीफिश, चार गोल कड्यांची नक्षी असलेली, हळूहळू उघड-मीट करत गेली. हातभर खालपर्यंत सगळं दिसत होतं. "पण इथले खायचे नाहीत हं," बायको स्वतःलाच बजावल्यासारखी म्हणाली. बरोबरच होतं तिचं. जो पाणी गाळतो, त्याच्या पोटात पाण्यातलं सगळं साठतं.

आता यातून व्यवस्थापनाला किती बंधनं येतात पाहा. शिनाण्यांनाही प्राणवायू लागतो, म्हणून तळाचं पाणी घुसळणं थांबवता येत नाही. सुशोभीकरणाच्या नावाखाली भिंती खरवडून चकचकीत केल्या, तर पाणी गाळणारी यंत्रणाच खरवडून टाकल्यासारखं होतं. गोदी दुरुस्तीसाठी कोरडी केली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. ताज्या पाण्यासाठी नदीकडचे दरवाजे वारंवार उघडावेत, तर प्रत्येक वेळी गाळ आत येतो. ते कमी उघडावेत, तर पाणी शिळं होतं. गाळ आणि शिळेपणा यांच्यामधला समतोल सांभाळणं हेच इथलं रोजचं काम, आणि ते कुठल्याही आराखड्याच्या रंगीत चित्रात दिसत नाही.

तरीही एकट्या गोदीत केलेल्या उपायांनी हे साधलं नसतं. नदी घाण असेल तर गोदी किती दिवस स्वच्छ राहणार? 1985 मध्ये मर्सी खोऱ्याची मोहीम सुरू झाली, पंचवीस वर्षं चालली. नदीत थेट पडणारी शहराची गटारं एका मोठ्या वाहिनीत वळवली गेली आणि 1991 मध्ये सांडपाणी प्रक्रिया केंद्र सुरू झालं. ते उभं राहिलं सँडन डॉक बुजवून, म्हणजे शिनाण्यांचे दोर जिथे लटकवले होते तिथेच. एक गोदी गेली, पण तिच्या जागी जे आलं त्याने बाकीच्यांचं पाणी सुधारलं. बुजवण्याचं समर्थन मी सहसा करत नाही. हे एक करतो.

पाणी कुणाच्या ताब्यात

1998 मध्ये महामंडळ विसर्जित झालं. असं झालं की भाडं देणाऱ्या इमारती कुणीतरी घेतो आणि खर्च खाणारं पाणी अनाथ होतं. इथे ते कालव्यांची काळजी घेणाऱ्या राष्ट्रीय संस्थेकडे गेलं. आज दक्षिण गोद्यांचं पाणी, दरवाजे, नौकांच्या जागा कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट पाहतो. गोदामं दुसऱ्याकडे, संग्रहालयं तिसऱ्याकडे. ही वाटणी गुंतागुंतीची आहे, पण पाण्याला एक घरधनी आहे आणि त्याला दरवाजे सांभाळण्याचं काम पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे, याचा फार फायदा झाला. 2009 मध्ये लीड्स-लिव्हरपूल कालवा या गोद्यांना जोडला गेला. आता कालव्यातली अरुंद नौका शहरात शिरते, नदीकाठच्या प्रसिद्ध इमारतींसमोरून बोगद्यांतून जाते आणि सॉल्टहाउस डॉकमध्ये येऊन बांधली जाते. त्यासाठी आधी नोंदणी करावी लागते आणि सोबतीला माणसं असतात. कुणीही, कधीही, कसंही, असं नाही.

हीच शिस्त खेळांतही दिसते. प्रत्येक गोदीला एकेक काम वाटून दिलंय. क्वीन्स डॉकमध्ये शिडाच्या होड्या, वल्ही, पाण्यावरचे खेळ; कोबर्ग आणि ब्रन्सविकमध्ये खासगी नौकांचं बंदर; अल्बर्ट डॉकच्या काठाने फिरणं आणि पाहणं. सगळीकडे सगळं करू दिलं असतं तर नौका, पोहणारे आणि पर्यटक एकमेकांच्या अंगावर आले असते.

काठाच्या धोक्याबद्दल दोन शब्द. गोदीची भिंत जहाजासाठी बांधलेली असते, माणसाने पाण्यातून वर चढावं म्हणून नव्हे. थंड पाण्यात पडलेल्या माणसाच्या हातापायांतली ताकद काही मिनिटांत जाते आणि समोर सरळसोट ओला दगड. पण काठभर उंच जाळी ठोकली तर गोदीचं गोदीपण जातं, आणि नौकेलाही काठाला लागता येत नाही. शिड्या, पाण्यापर्यंत लोंबणाऱ्या साखळ्या, फेकायची कडी आणि दोर, रात्रीचा उजेड, ही साधी सामग्री आणि तिची नियमित तपासणी हाच यावरचा शहाणा मार्ग. गंजलेली शिडी नसलेल्या शिडीपेक्षा वाईट, कारण पडलेला माणूस तिच्या भरवशावर पोहत जातो.

लोकांना आत घ्यायचं तर गोदीची पूर्ण गोष्ट सांगावी लागते. लिव्हरपूलची श्रीमंती मोठ्या प्रमाणावर गुलामांच्या व्यापारातून आली. अल्बर्ट डॉक बांधला जाईपर्यंत ब्रिटनमध्ये तो व्यापार कायद्याने बंद झाला होता, पण गुलामांनी पिकवलेला अमेरिकेचा कापूस येतच होता. 23 ऑगस्ट 2007 रोजी याच गोदामात आंतरराष्ट्रीय गुलामगिरी संग्रहालय उघडलं. 1861 ते 1865 च्या अमेरिकन यादवी युद्धात तो कापूस थांबला, तेव्हा लिव्हरपूलच्या धक्क्यांवर मुंबईहून गेलेल्या गाठी उतरल्या. त्या तेजीने मुंबईत काय उलथापालथ केली आणि 1865 मध्ये काय बुडवलं, ते आपण शाळेत शिकलो आहोत.

बुजवलेलं

वर्षाला साठ लाखांवर माणसं अल्बर्ट डॉकला येतात असं सांगितलं जातं. तरीही या शहराने धडा कायमचा गिरवला असं नाही. 2004 मध्ये युनेस्कोने लिव्हरपूलच्या बंदराला जागतिक वारसा म्हटलं. 2021 मध्ये तो दर्जा काढून घेतला. त्याआधी जगात फक्त दोन ठिकाणांवर ही वेळ आली होती. उत्तरेकडची गगनचुंबी बांधकामांची योजना आणि ब्रॅम्ली-मूर डॉकमध्ये एव्हर्टन क्लबचं फुटबॉल मैदान ही कारणं होती. त्या गोदीत समुद्रतळातून उपसलेली वाळू भरून मैदान उभं राहिलं, 2025 मध्ये तिथे सामने सुरू झाले. उत्तर लिव्हरपूलला रोजगार हवा होता, हे मला मान्य आहे. हार्टलीची भिंत आणि पाण्याचा एक पट्टा राखला, हेही खरं. पण पाणी गेलं ते गेलं.

लिव्हरपूलची सर्वात जुनी गोदी 1715 ची, तीही 1826 मध्ये बंद करून बुजवली होती. 2001 मध्ये उत्खनन करून तिची विटांची भिंत शोधून काढली आणि आता एका मोठ्या बाजारसंकुलाच्या खाली लोकांना तिकीट काढून ती दाखवतात. बुजवताना ती कुणाला हवीशी वाटली नसणार.

मुंबईचा प्रिन्सेस डॉक आणि व्हिक्टोरिया डॉक या शतकात बुजवले गेले. खोल समुद्रातल्या नव्या कंटेनर टर्मिनलसाठी मागे मोकळी जागा हवी होती. कंटेनर टर्मिनल म्हणून ते चाललंच नाही. व्हिक्टोरिया डॉकमध्येच 14 एप्रिल 1944 रोजी फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला, कापसाच्या गाठींना लागलेली आग सुमारे 1,400 टन स्फोटकांपर्यंत पोचली आणि आग विझवायला धावलेले जवान तिथेच गेले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर 14 एप्रिलला अग्निशमन दिन पाळतात. ते जहाज निघालं होतं बर्कनहेडहून. अल्बर्ट डॉकच्या काठावर उभं राहिलं की नदीपलीकडे समोर दिसतं ते बर्कनहेड. अण्णा त्या स्फोटाची गोष्ट त्यांच्या वरिष्ठांकडून ऐकलेली सांगायचे, हात पसरून, पाणी कसं वर उसळलं ते दाखवत. ते पाणी आता तिथे नाही.

इंदिरा डॉक अजून आहे. 1914 चा, अलेक्झांड्रा डॉक म्हणून बांधलेला, दरवाज्यांसकट, पाण्यासकट. मुंबईची पूर्व किनारपट्टी लोकांसाठी खुली करण्याच्या योजना वर्षानुवर्षं मांडल्या जात आहेत. त्यांतल्या कुठल्याही चित्राला हात लावण्याआधी माझी मागणी साधी आहे. त्या गोदीच्या तळाशी प्राणवायू किती, पाण्यात नत्र-स्फुरद किती, वर्षाला गाळ किती बसतो, दरवाज्यांची अवस्था काय, हे दर महिन्याला मोजा आणि लोकांना वाचता येईल असं मराठीत लावा. यलो गेटच्या भिंतीवर लावलं तरी चालेल.